डोळे मिटायला सांगितले होते

मागच्या महिन्यात आपल्या ज्येष्ठ नागरिक संघाने मला शाल आणि नारळ दिला. अध्यक्षांनी मोबाइलवरचा मजकूर माइकवर वाचून दाखवला. ठाणे जिल्ह्यातल्या जंगलात हरवलेल्या शाळकरी मुलीला मिरजेच्या एका वयोवृद्ध शिक्षकाने दक्षतेने शोधून आणले, असा तो मजकूर होता. तुम्ही टाळ्या वाजवल्या, मी हात जोडले आणि खाली बसलो.

तो मजकूर खरा नव्हता. नारळ सुनेने त्याच संध्याकाळी फोडला, त्यामुळे तो परत करता येत नाही. शाल मात्र मी अध्यक्षांच्या घरी देऊन आलो आहे. वार्षिक अंकासाठी तुम्ही माझ्याकडे प्रवासवर्णन मागितले आहे, तर तिकडे काय घडले तेच लिहितो.

मुलीचे आणि तिच्या सरांचे नाव मी बदलले आहे. गावाचे नाव लिहिलेले नाही. लिहू का, असे माझ्या पुतणीने तिला विचारले होते. ती म्हणाली, "लिवू दे त्यांना. पन नाव मंजुळा ठेवा. माझं मला आवडत नाय."

शहापूर

माझी पुतणी वैदेही कल्याणला राहते. गावोगावच्या शाळांत जाऊन ती मुलांच्या मनाच्या आरोग्याविषयी कार्यशाळा घेते. मन उदास होणे, भीती वाटणे, झोप न लागणे, घरची भांडणे या गोष्टी मुलांनी कोणाशी आणि कशा बोलाव्यात, ते शिकवते. दिवाळीनंतर मी तिच्याकडे गेलो होतो. ती म्हणाली, "काका, शहापूर आणि मुरबाडच्या शाळा आहेत. गाडीत जागा आहे. चला की, हवापालट होईल."

हवापालट झाली. शहापूरला आम्ही उतरलो त्या खोलीत पहाटे इतकी थंडी होती की मी मफलर बांधूनच चहा प्यायलो. आपल्याकडे या दिवसांत शाळू हातभर वर आलेला असतो. तिकडे भात कापून झाले होते, खळ्यांवर झोडणी चालू होती आणि पेंढ्याच्या गंजी झोपड्यांपेक्षा उंच दिसत होत्या. खाणावळीत ज्वारीची भाकरी मागितली तर वाढणारी बाई हसली. "आजोबा, ती नाय इकडं. तांदळाची खा. दात नसले तरी चालंल." दात नसल्याचे तिने कसे ओळखले ते तिलाच माहीत. भाकरी पांढरीशुभ्र होती, कागदासारखी मऊ होती, आणि सोबत वालाची आमटी. मी तीन खाल्ल्या.

डोळखांबच्या रस्त्यावर समोरून टेम्पो येत होते. मागे पातेली, कोंबड्या, गाठोडी, त्यांवर बसलेली माणसे. वैदेहीने सांगितले, भाताची कामे आटोपली की ही कुटुंबे वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाळ्याच्या तोंडाशी परततात. काही मुले बरोबर जातात, काहींना शाळेसाठी नातेवाइकांकडे ठेवतात. एका टेम्पोच्या मागे एक मुलगी उभी होती. टेम्पो वळेपर्यंत ती गावाकडे बघत राहिली.

मीही मान वळवून तिच्याकडे बघत होतो. वैदेहीने विचारले, तेव्हा तिला एक आठवण सांगितली. माझ्या शाळेत निकालाच्या दिवशी मुख्याध्यापक एका शिपायाला मागच्या विहिरीपाशी बसवून ठेवत. तो तिथे कशासाठी बसतो, हे कोणी कधी बोलले नाही. नोकरीभर दर निकालाला मी वर्गात गुणपत्रिका वाटायचो आणि माझे कान विहिरीकडे असायचे.

"म्हणून तर बोलायला जातो आपण," वैदेही म्हणाली.

डोळखांबच्या पुढे

शाळा टेकडीच्या उतारावर होती. मागे कुंपण नव्हते. पटांगण संपले की सागाची झाडे सुरू व्हायची, ती थेट डोंगरापर्यंत. मला ते बघूनच कसेतरी झाले. आपल्या शाळांना भिंत असते.

नववीच्या वर्गशिक्षकांना मी इथे भोईर सर म्हणतो. तरुण, हसतमुख, मुलांसाठी जीव टाकणारा माणूस. माझे वय आणि पूर्वीचा पेशा कळल्यावर त्यांनी मला खुर्ची दिली, ती थेट वर्गाच्या मागच्या कोपऱ्यात. परीक्षेच्या पर्यवेक्षकाची असते, अगदी त्या जागी.

वैदेहीने आधी मुलांना हसवले, मग चित्रे काढायला लावली, मग राग आणि भीती शरीरात कुठे कुठे जाणवते ते विचारले. एक मुलगा म्हणाला, "मॅडम, मला पोटात. गनिताच्या तासाला." सगळे हसले. मी गणिताचा शिक्षक, मीही हसलो.

शेवटी ती म्हणाली, "आता सगळ्यांनी डोळे मिटायचे. मी काही वाक्यं म्हणेन. ज्याला ते वाक्य आपलं वाटेल त्याने हात वर करायचा आणि खाली घ्यायचा. कोणी कोणाचं बघायचं नाही. बघणार फक्त मी आणि मी कोणाला सांगणार नाही. फक्त कोणाच्या जिवाला धोका आहे असं वाटलं, तर आधी त्याच्याशीच बोलेन आणि पुढे काय करायचं ते दोघं मिळून ठरवू. सर, काका, तुम्हीसुद्धा मिटा."

"मॅडम, झोप लागली तर?"

"लागू दे. घोरू नकोस."

भोईर सरांनी डोळे मिटले. मीही मिटले. वाक्ये सुरू झाली. सकाळी उठावंसं वाटत नाही. घरी गेल्यावर छातीत धडधड होते. मला कोणीच मित्र नाही. प्रत्येक वाक्यानंतर कपड्यांची सळसळ ऐकू येई.

मग ती म्हणाली, "कधी कधी वाटतं, आपण नसलेलंच बरं."

मी डोळे उघडले.

का उघडले, याची बरीच कारणे मी स्वतःला नंतर दिली. भरलेल्या वर्गात डोळे मिटून बसायची मला सवय नाही, हे त्यांतले एक. पण उघडले हे खरे. माझ्या पुढ्यातच, खांबाच्या आडोशाला बसलेल्या दोन वेण्यांच्या मुलीचा हात वर गेला होता. कोपर सरळ, बोटे ताठ. उत्तर येत असलेला विद्यार्थी करतो तसा. वैदेहीचे तोंड तेव्हा दुसऱ्या बाजूला आहे, असे मला वाटले. हात खाली गेला. मी पुन्हा डोळे मिटले, पण मला तो दिसतच राहिला.

वैदेहीची एक पद्धत आहे. या खेळानंतर ती वर्गातल्या प्रत्येकाला झाडाखाली बोलावून एकेकट्याशी बोलते. सगळ्यांनाच बोलावल्यामुळे कोणा एकावर बोट ठेवले जात नाही. ही पद्धत तिने मला गाडीत सांगितली होती आणि मी मान डोलावली होती.

जेवणाची सुट्टी झाली. वैदेही मुख्याध्यापकांकडे गेली. मुले खिचडीच्या रांगेत उभी राहिली. ती मुलगी दोनदा वाढून घेऊन, मैत्रिणीच्या खांद्याला खांदा लावून जेवत होती. मी मात्र ताट तसेच खाली ठेवले. पटांगणाच्या कडेला उभे साग दिसत होते आणि माझ्या कानात ती विहीर होती. वैदेहीने पाहिलेच नसेल तर? पाहिले असेल, पण संध्याकाळपर्यंत नंबर लागलाच नाही तर?

मी भोईर सरांना बाजूला घेतले आणि सांगितले. कोण, ते बोटाने दाखवले.

त्यांचा चेहरा उतरला. त्यांनी जे केले ते मीही माझ्या नोकरीत शंभरदा केले असते. त्यांनी घरी फोन लावला. मुलीचे आईवडील भट्टीवर गेलेले, ती मामाकडे राहते. सर फोनवर म्हणाले, "लगेच या. पोरगी काहीतरी भलतंच बोलते."

मामा मोटरसायकलवर आला, तोपर्यंत मुले हात धुऊन वर्गात शिरत होती. तो फाटकातूनच ओरडला, "कुठं हाय ती? काय केलान तिनं?" सगळ्या वर्गाने वळून पाहिले. मंजुळाने मामाकडे पाहिले, मग सरांकडे. सर नकळत माझ्याकडे बघत होते, म्हणून मग तिने माझ्याकडे पाहिले. पुढच्या क्षणी ती व्हरांड्यावरून उतरून मागच्या सागांत शिरली होती.

सागांत

पुढच्या काही तासांविषयी मला नीट लिहिता येत नाही. मामा, भोईर सर, गावातली माणसे वेगवेगळ्या वाटांनी गेली. वैदेहीने मला एकच विचारले, "सरांना तुम्ही सांगितलंत?" मी मान हलवली. ती म्हणाली, "मी पाहिलं होतं, काका. जेवणानंतर पहिली तीच होती." आणि ती ओढ्याच्या दिशेने पळत गेली.

मला शाळेत थांबायला सांगितले होते. तेही मी ऐकले नाही. सागाची वाळलेली पाने पत्र्यासारखी वाजतात. प्रत्येक पावलाला मला वाटे, पलीकडे कोणीतरी चालते आहे. थांबलो की आवाज थांबे. मी तिचे नाव घेऊन हाका मारत होतो आणि उत्तर येत नव्हते. एका ठिकाणी पानांत काहीतरी लाल दिसले. जवळ जाऊन बघतो तर वेफर्सची रिकामी पिशवी. मी तिथेच झाडाला धरून उभा राहिलो आणि कोणाला ते न ठरवताच प्रार्थना केली. तिला काही होऊ देऊ नकोस. मग मनात आले, माझ्यामुळे होऊ देऊ नकोस. या दोन प्रार्थना एक नाहीत, हे तेव्हाही मला कळले.

ऊन कलले. परतीची वाट मला सापडेना. एका उतारावर पानांवरून पाय सरकला आणि मी घसरत खाली येऊन एका बांधाला अडलो. घोटा दुखावला. उठायचा प्रयत्न केला, जमले नाही. मग मी लहान मुलासारखा रडलो. तिकडे कोणी ऐकणारे नाही, असे समजून मोठ्याने रडलो.

"आजोबा, उठू नका. पाय बघू."

ती बांधावर उभी होती. वेण्यांत पानांचा चुरा होता.

"तू बरी आहेस?"

"मला काय झालंय? तुमी इकडं कशाला आलाव? इकडं वाट नाय."

"तुला शोधायला."

"म्हंजे आता तुमाला शोधायला लोक येतील." तिने माझा बूट काढला, घोटा दाबून पाहिला. मी ओरडलो. "मोडला नाय. सुजलाय." ओढणी सोडून तिने पायाला घट्ट बांधली. मग शेजारी बसली आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "सरांना तुमीच सांगितलं."

"हो."

"मॅडम नाय सांगायच्या. बाकी सगळ्यांचे डोळे मिटलेले होते. मी हात वर करायच्या आधी बघितलेलं, कोन बघत नाय ना. तवा तुमचे पन मिटलेले होते."

"नंतर उघडले."

"कशाला?"

"भीती वाटली गं."

"कुणाची?"

"तुझी. म्हणजे तुझ्यासाठी."

"मग मला इचारायचं ना."

आयुष्यभर मी वर्गाला प्रश्न विचारले. या मुलीला एक प्रश्न विचारायचे मला सुचले नव्हते. उशिरा का होईना, विचारला. "मंजुळा, आत्ता वाटतंय का तसं? नसलेलं बरं?"

तिने पायावरची गाठ पुन्हा ताणून पाहिली. "आत्ता तुमचा पाय सुजलाय. आत्ता काय वाटनार? रातीचं वाटतं. मामी बोलत नाय काय. पन भाकरी मोडताना माझ्याकडं बघते. मग वाटतं, मी नसते तर ती एक भाकरी ऱ्हायली असती." आणि मग म्हणाली, "कुनालाच नवतं सांगितलं. आज हात वर केला ना, तवा हलकं वाटलं. खिचडी पन दोनदा घेतली."

मला ते दोनदा घेणे आठवले. तेव्हा ते मी पाहिले होते आणि त्याचा अर्थ मला लागला नव्हता.

"आता मामा आयला फोन करंल," ती म्हणाली. "आय भट्टी सोडून येल. मामी म्हनंल, शाळेत पोरीचं डोकं फिरतं, बसव घरी. वर्गातली पोरं तर झालंच. मला यडी म्हनतील."

"मी सांगेन सगळ्यांना. चूक माझी आहे म्हणून."

"सगळ्यांसमोर?"

"सगळ्यांसमोर."

"वर्गात. नुसतं सरांना नाय."

"वर्गात."

तिने हात दिला. मी उठलो. खाली शाळेचे कौलारू छप्पर दिसत होते, अगदी जवळ. तिच्या खांद्यावर भार टाकून मी लंगडत उतरलो. असे मी तिला शोधून आणले.

पटांगणात माणसे धावत आली. कोणीतरी ओरडले, "गावली! आजोबांनी आनली!" भोईर सरांच्या डोळ्यांत पाणी होते. त्यांनी माझे पाय धरले, फोटो काढला. मंजुळा माझ्याकडे बघत होती. तीच वेळ होती. सगळे जमले होते. माझे तोंड उघडले नाही. गर्दीने मला खुर्चीवर बसवले, कोणी पाणी दिले, कोणी पायाला हळद आणली आणि मी ती लावून घेतली. मंजुळा वैदेहीबरोबर आत गेली.

वैदेही मामा-मामीसोबत अंधार पडेपर्यंत बसली. मामा सारखा म्हणत होता, "मॅडम, आमी मारतो का तिला? इचारा तिला." तोही घाबरलेलाच होता. भगताकडे, म्हणजे गावच्या मांत्रिकाकडे, नेऊ का, असे त्याने विचारले. वैदेही म्हणाली, "तुमचा विश्वास असेल तर न्या. पण मारझोड नाही, उपास नाही, आणि शहापूरच्या सरकारी दवाखान्यात मी सांगते त्या डॉक्टरांकडे आधी." मामी तोवर एक शब्द बोलली नव्हती. निघताना म्हणाली, "ती माझ्यापाशी निजंल. एकटी नाय सोडनार." आणि मंजुळाच्या केसांतली पाने एकेक काढू लागली.

टोकावडे ते मुरबाड

दुसऱ्या दिवशी टोकावड्यावरून मुरबाडकडे निघालो. डावीकडे सह्याद्रीची भिंत, मध्येच सिद्धगडाचे टोक. कोणी सोबत असते तर गाडी थांबवून बघत राहावे, असा तो देखावा आहे. मी पायावर गरम पाण्याची पिशवी धरून बसलो होतो आणि दर वळणावर मोबाइल वाजत होता. भोईर सरांचा फोटो आमच्या आधी सगळीकडे पोचला होता.

मुरबाडच्या शाळेत मुले मोठी, दहावीची. वैदेहीने नेहमीसारखीच सुरुवात केली, पण कोणी हसेना. डोळे मिटायची वेळ आली. मी खुर्ची फिरवून भिंतीकडे तोंड करून बसलो. मागे वाक्ये सुरू झाली. उठावंसं वाटत नाही. छातीत धडधड होते. मित्र नाही.

कपड्यांची सळसळ आली नाही. एकाही वाक्याला नाही.

मग एक मुलगा म्हणाला, "मॅडम, डोलखांबच्या शाळंत तुमी बघितलं नि घरी फोन केला. माझ्या चुलतभावानं सांगितलं."

"खरं हाय काय मॅडम?" दुसरी मुलगी.

सागांतल्यापेक्षा मला इथे जास्त भीती वाटली. तिथे एक मूल दिसत नव्हते. इथे सगळी समोर बसली होती आणि त्यांतले कोण रात्री जागे असते, ते आता कोणीच सांगणार नव्हते.

मी उठलो. पाय दुखत होता, म्हणून टेबलाला धरून उभा राहिलो.

"मॅडमनी नाही सांगितलं," मी म्हणालो. "डोळे मिटायला सांगितले होते, ते मी उघडले. मी बघितलं आणि मीच सांगितलं. मोबाइलवर जो फोटो फिरतोय त्यातला म्हातारा मी. ती मुलगी हरवली नव्हती. माझ्यामुळे पळाली होती. आणि मला तिने आणलं, मी तिला नाही."

मागून एक बारीक आवाज आला, "मग आता तुमी भाईर बसा ना."

मी बाहेर जाऊन पायरीवर बसलो. दार लावून घेतले. आत पुन्हा वाक्ये सुरू झाली ते ऐकू आले. हात वर गेले की नाही, हे मी वैदेहीला विचारले नाही आणि विचारणारही नाही.

पुन्हा डोळखांब

मुरबाडच्या शाळा आटोपल्या, तशी वैदेही कल्याणचा रस्ता धरू लागली. मी म्हणालो, "मागे फिरव." तिने कारण विचारले नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही पोचलो तेव्हा प्रार्थना संपत आली होती. भोईर सरांना वाटले मी निरोप घ्यायला आलो. त्यांनी मुलांना टाळ्या वाजवायला लावल्या. मी टाळ्या थांबवल्या आणि मुरबाडला बोललो तेच बोललो. या वेळी सोपे जाईल असे वाटले होते. गेले नाही. नववीच्या रांगेत मंजुळा मान खाली घालून उभी होती. मी म्हणालो, "या शाळेतल्या एका मुलीने विश्वासाने हात वर केला. तो मी चोरून बघितला. धीर तिने दाखवला, घाबरलो मी. मी तिची सगळ्यांसमोर माफी मागतो."

भोईर सरांचा चेहरा पांढरा पडला होता. ते हळू आवाजात म्हणाले, "मलापन आधी मॅडमना विचारायला पाहिजे होतं." ते त्यांनी मुलांना ऐकू जाईल असेच म्हटले.

हे मी मुलांसमोर बोलू शकलो. घरी परतल्यावर तुमच्यासमोर मात्र शाल अंगावर घेऊन बसलो. तिथे मला ओळखणारे कोणी नव्हते. इथे तुम्ही सगळे मला ओळखता.

वैदेहीने झाडाखाली सतरंजी टाकली. नववीतली मुले एकेक करून यायला लागली. मी थोड्या अंतरावर पारावर बसलो होतो. मंजुळाचा नंबर आला. ती माझ्यासमोरून गेली, थांबली, परत आली.

"पाय कसा हाय?"

"उतरलाय."

"ओढनी राहिली तुमच्याकडं."

मी पिशवीतून काढून दिली. धुऊन, घडी घालून ठेवली होती. तिने ती खांद्यावर घेतली. दवाखान्यात ती जाऊन आली का, रात्री झोप लागते का, माझ्या ओठांवर सगळे आले होते. मी फक्त म्हणालो, "विचारू का काही?"

"नको. मॅडमना सांगते."

"बरं."

"तुमी तिकडं तोंड करून बसा, आजोबा."

मी वळलो. समोर ते साग, मध्ये कुंपण नाही. सतरंजीवर ती काहीतरी बोलू लागली, खूप हळू. शब्द कळत नव्हते. मध्येच आवाज थांबला. किती तरी वेळ थांबलेला राहिला. मी पाराच्या दगडाला दोन्ही हातांनी धरले आणि सागांकडेच बघत राहिलो.

मग ती पुन्हा बोलू लागली.